मटण, कोलेस्टेरॉल आणि आमचं खानदान

आपल्याकडे कुणी हार्ट अटॅकने गेलं की मय्यतीला दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. आपले लोक म्हणतात, "वक्त आला होता." आणि शेजारपाजारचे, अगदी मायेनं आलेले लोक हळूच म्हणतात, "तुमच्यात मटण फार असतं ना." दोन्ही वाक्यांनंतर बोलण्यासारखं काही उरत नाही. पहिल्यात अल्लाहची मर्जी आहे, दुसऱ्यात आपलीच जीभ. गेलेल्या माणसाच्या रक्तात नेमकं काय होतं, हे विचारायचं राहून जातं.

आमच्या घरात ही दोन वाक्यं तीन पिढ्या ऐकली गेली. दादा मी जन्मायच्या आधीच गेले. 'खेतात बसल्या बसल्या गेले' एवढंच आम्हाला सांगितलं जायचं. मोठे चाचा सांगलीच्या मार्केट यार्डात हमाली करायचे. हळदीची पोती उचलून त्यांचे खांदे दगडासारखे झाले होते. १९८८ साली ते गेले तेव्हा ४९ वर्षांचे होते. अब्बा शिंपी होते. तालुक्याच्या गावात एस.टी. स्टँडसमोरच्या बोळात त्यांचं दुकान होतं. १९९४ च्या जूनमध्ये, शाळेच्या गणवेशांची गर्दी असताना, त्यांना छातीत दाबल्यासारखं झालं. पित्त झालं असेल म्हणून त्यांनी सोडा मागवला. सोडा येईपर्यंत ते मशीनवर कलंडले होते. वय ४६.

आता मटणाचं सांगतो. आमच्या घरात सात माणसं होती आणि शुक्रवारी अर्धा किलो मटण यायचं. त्यातही रस्सा जास्त, बोटी कमी. बाकीचे सहा दिवस ज्वारीची भाकरी, आमटी, वांगं, नाहीतर खर्डा. अब्बा काटकुळे होते. विडी नाही, तंबाखू नाही. दिवसभर पायडल मारणारा माणूस. चाचा तर पोती उचलणारे. म्हणजे आळशी, जाडजूड, भरपूर खाणारा असा जो 'कोलेस्टेरॉलवाला' माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो, तसा आमच्या घरात एकही नव्हता.

मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो. आमच्या स्टाफरूममधले एक सहकारी कांदा-लसूणही खात नव्हते. त्यांची बायपास झाली तेव्हा ते मला म्हणाले, "सर, मी तर अंडंसुद्धा शिवलेलं नाही." त्यांच्या आवाजात तक्रार होती, जणू काही करार मोडला गेला होता. तेव्हापासून मला वाटायला लागलं की मटणाचं उत्तर जरा जास्तच सोपं आहे.

२०१९ मध्ये भाईजानला अटॅक आला. भाईजान माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. त्यांचं वय तेव्हा ४६ होतं, म्हणजे अब्बा गेले तेवढंच. अम्मींनी ते बरोबर हेरलं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात तसबीह ओढताना त्या एवढंच म्हणाल्या, "तेरे अब्बा की उमर." पण काळ बदललेला होता. वेळेत अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला आणि भाईजान घरी आले.

त्या वेळचा रक्ताचा रिपोर्ट मी जपून ठेवला आहे. एकूण कोलेस्टेरॉल २८९. एचडीएल ४१. ट्रायग्लिसराइड १६०. एलडीएल २१६. आपल्यापैकी बहुतेक जण अशा रिपोर्टात फक्त पहिला आकडा बघतात आणि शेजारी छापलेल्या मर्यादेशी ताडून मोकळे होतात. खरं बघायचं असतं ते एलडीएल. हेच ते कोलेस्टेरॉल, जे रक्तवाहिनीच्या भिंतीत जाऊन साचतं. एचडीएल पुरुषांत चाळिसाच्या आणि बायकांत पन्नासाच्या वर असलेलं चांगलं. ट्रायग्लिसराइड १५० च्या खाली असावं. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केलं की जे उरतं, ते सगळं मिळून त्रासदायक कोलेस्टेरॉल. ही वजाबाकी कुणालाही घरी करता येते. भाईजानची वजाबाकी २४८ आली.

गोळ्या सुरू झाल्या. २०२१ च्या जानेवारीत एलडीएल ९४ वर आलं. ज्याला स्टेंट बसला आहे त्याच्यासाठी हेही जास्तच, त्याचं एलडीएल ५५ च्या खाली असावं असं आता डॉक्टर सांगतात. पण छापील रिपोर्टावर शंभरच्या आत म्हणजे 'नॉर्मल'. भाईजाननी रिपोर्ट बघितला, घडी घातला आणि म्हणाले, "नॉर्मल है, अब गोली कायको?" गोळी बंद झाली. सहा महिन्यांनी तपासलं तेव्हा एलडीएल २०९.

हे फक्त आमच्या घरात होतं असं नाही. मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी रिपोर्ट नॉर्मल आल्यावर गोळी सोडलेली होती. तापाची गोळी आपण ताप उतरला की सोडतो, तोच हिशोब इथे लावला जातो. पण कोलेस्टेरॉल तापासारखं येत-जात नाही. गोळी चालू आहे म्हणून आकडा नॉर्मल असतो. तो बरं झाल्याचा दाखला नव्हे.

२०९ चा आकडा घेऊन आम्ही मिरजेला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बघितला, मग भाईजानना पाठमोरं उभं राहायला सांगितलं. पँट वर घ्यायला लावली आणि टाचेच्या वरची जाड शीर, म्हणजे पोटरी टाचेला जोडणारा तो दोर, दोन बोटांच्या चिमटीत धरून दाबून पाहिला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "घरात आणखी कुणाची टाच अशी आहे का?"

मला अब्बांचे पाय आठवले. अब्बांच्या दोन्ही टाचांच्या वरचा भाग जाडजूड, गाठाळ होता. त्यावरून चप्पल नीट बसायची नाही, म्हणून ते चपलेचा मागचा पट्टा कापून टाकायचे. आम्ही सगळे समजायचो की तीस वर्षं पायडल मारून पाय तसे झालेत. गावातले बाकीचे शिंपीही पायडल मारायचे, पण त्यांच्या टाचा तशा नव्हत्या, हे कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "ते पायडलनं नाही. कोलेस्टेरॉल तिथेही साचतं."

या आजाराला वैद्यकशास्त्रात नाव आहे, फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया. आपण त्याला खानदानी कोलेस्टेरॉल म्हणू. जगभरात साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला तो असतो. म्हणजे हजार मुलांच्या शाळेत तीन-चार जणांना. उपचार झाले नाहीत तर अशा पुरुषांपैकी साधारण निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो, बायकांपैकी साधारण तीस टक्क्यांना साठीच्या आत. दादा, चाचा, अब्बा, भाईजान. आमच्या खानदानाचा हिशोब त्या दिवशी मला पहिल्यांदा कळला.

डॉक्टरांनी समजावलेलं मी माझ्या पद्धतीनं सांगतो, कारण भाईजानना ते डेपोच्या भाषेतच पटलं. कोलेस्टेरॉल मुळात वाईट नाही. पेशींच्या भिंती, हार्मोन, पित्तरस, सगळं त्यातून बनतं आणि त्यातलं बरंचसं शरीर स्वतःच बनवतं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून जाताना त्याला गाडीत बसवावं लागतं. एलडीएल ही ती गाडी. काम झालं की गाड्यांनी डेपोत परत यायचं असतं. डेपो म्हणजे लिव्हर. लिव्हरच्या पेशींवर या गाड्या आत घेणारे दरवाजे असतात. ते बनवण्याची सूचना आपल्याला दोन प्रतींत मिळते, एक आईकडून, एक बापाकडून. खानदानी कोलेस्टेरॉलच्या माणसाला त्यातली एक प्रत बिघडलेली मिळते. मग साधारण निम्मेच दरवाजे चालतात. गाड्या डेपोत शिरू शकत नाहीत, रस्त्यावर उभ्या राहतात, आणि जन्मापासून वर्षानुवर्षं उभ्या राहिल्यावर रस्त्याच्या कडेलाच रुतून बसतात. एक दिवस रस्ता बंद. त्यालाच आपण 'अचानक अटॅक आला' म्हणतो. त्यात अचानक काही नसतं. अब्बांच्या रक्तवाहिन्यांत ते काम त्यांच्या पाळण्यापासून चाललेलं होतं.

हे दरवाजे अमेरिकेतल्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन या दोन डॉक्टरांनी याच आजाराच्या रुग्णांचा अभ्यास करताना शोधले. १९८५ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. गोळीचा शोध त्याआधीच जपानमध्ये सुरू झाला होता. अकिरा एंडो या शास्त्रज्ञाने सहा हजारांहून अधिक बुरश्या तपासल्या आणि १९७३ मध्ये एका बुरशीतून लिव्हरमधलं कोलेस्टेरॉलचं उत्पादन रोखणारा पदार्थ वेगळा केला. पहिलं स्टॅटिन अमेरिकेत १९८७ मध्ये बाजारात आलं. १९९४ साली उत्तर युरोपातल्या ४,४४४ हृदयरोग्यांवरच्या चाचणीचे निकाल जाहीर झाले. स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये साधारण साडेपाच वर्षांत मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांनी कमी होतं. १९९४, म्हणजे अब्बा गेले ते वर्ष. याला योगायोगापलीकडे काही अर्थ नाही, पण ते साल वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

स्टॅटिन दोन कामं करतं. लिव्हरमधलं कोलेस्टेरॉलचं उत्पादन कमी करतं, आणि आत माल कमी पडल्यामुळे लिव्हर गाड्या आत घ्यायला जास्त दरवाजे उघडतं. गोळी बंद केली की ते दरवाजे पुन्हा मिटतात. भाईजानना एवढं पुरलं. ते म्हणाले, "म्हणजे ऑइल बदलण्यासारखं. गाडी चालते आहे तोवर बदलत राहायचं." त्यानंतर त्यांनी एकही गोळी चुकवलेली नाही.

डॉक्टरांनी अजून एक काम दिलं होतं. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायचं. आई किंवा बापाला हा बिघाड असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते, नाणं उडवल्यासारखी. आम्ही तीन भावंडं. माझं एलडीएल १०४ आलं. आपाचं २२१. आपा तेव्हा ४२ वर्षांची, अंगानं सडपातळ, घरची सगळी कामं स्वतः करणारी. तिला कधी साधा दमही लागलेला नव्हता. भाईजानच्या मुलाचं २१४, वय २४. त्याच्या धाकट्या बहिणीचं ९८. एकाच ताटात जेवलेली माणसं, एकच मटण, एकच तेल. ताट आकडे ठरवत असतं तर ते असे दोन टोकांना आले नसते.

आपा रिपोर्ट बघून म्हणाली, "पण मला तर काहीच होत नाही." हेच तर अवघड आहे. कोलेस्टेरॉल दुखत नाही. चक्कर येत नाही, खाज येत नाही, झोप उडत नाही. कधीकधी पापणीच्या कोपऱ्यात पिवळसर चकती दिसते किंवा टाचेची शीर जाड होते, तेही सगळ्यांना नाही. सुईतून काढलेलं पाच मिली रक्त सोडलं तर ते ओळखायला दुसरा मार्ग नाही.

याचा अर्थ खाण्याचा काही संबंध नाही, असा कुणी घेऊ नये. आपल्यातल्या बहुतेकांचं कोलेस्टेरॉल खानदानी नसतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासात ८१.२ टक्के प्रौढांच्या रक्तातल्या चरबीत काही ना काही बिघाड आढळला. आपल्या लोकांत ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी असा नमुना फार दिसतो. त्यामागे भात, मैदा, साखर, तळण, पोटाचा घेर आणि बसून राहणं हे सगळं आहे. शाकाहारी ताटातही ते सगळं असतं, म्हणून माझ्या सहकाऱ्यांचं अंडं न शिवणं त्यांना वाचवू शकलं नाही. साबुदाण्याची खिचडी, फरसाण, बेकरीची खारी, डालड्यात तळलेल्या पुऱ्या यांना कुणी 'तुमच्यात फार असतं' म्हणत नाही, एवढाच फरक.

डालडा म्हणजे वनस्पती तूप. आमच्या लहानपणी लग्नाची बिर्याणी त्याच्या पिवळ्या डब्याशिवाय होत नसे. तेल घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होतं. ते एलडीएल वाढवतं आणि एचडीएल कमी करतं, दोन्हीकडून मारतं. २०२२ च्या जानेवारीपासून सरकारने तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली, ही मोठीच गोष्ट झाली. पण तेच तेल कढईत दिवसभर पुन्हा पुन्हा तापवणारा गाडीवाला कायद्याचं पुस्तक वाचत नाही.

आता मटण. मटणातलं कोलेस्टेरॉल जेवढं घातक नाही, तेवढी त्यावरची पांढरी चरबी आहे. ही घट्ट चरबी लिव्हरचे दरवाजे कमी करते. म्हणून आमच्याकडे आता मटण येतं ते चरबी काढून. रस्सा रात्री करून ठेवला तर सकाळी वर गोठलेला थर चमच्यानं उचलून टाकता येतो. भेजा मात्र बंद आहे. त्यात शंभर ग्रॅममागे हजार मिलिग्रॅमहून जास्त कोलेस्टेरॉल असतं, अंड्याच्या एका बलकाच्या पाचपट तरी. कलेजी बकरीदच्या सकाळी दोन तुकडे, तेवढीच. त्याच्या जोडीला डाळी, उसळी, मासे, शेंगदाणे, ज्वारीची भाकरी, आणि रोज चालणं. यातलं काहीच नवीन नाही. अर्धा किलोत सात माणसं जेवायची तेव्हा आम्ही असंच खात होतो. पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही शिकवण मदरशात पाठ केली होती, ती दस्तरखानावर आणायची एवढंच.

पण खानदानी कोलेस्टेरॉलवाल्याने एवढं सगळं करूनही एलडीएल दहा-पंधरा टक्क्यांच्या पलीकडे सहसा उतरत नाही. २१४ चं १९० होईल. त्याला गोळी लागतेच, कित्येकदा दोन लागतात. पुतण्याला स्टॅटिनबरोबर इझेटिमाइब सुरू झालं आणि त्याचं एलडीएल ८८ वर आलं. कलौंजी, खजूर, लसणाच्या पाकळ्या, अर्जुनाची साल हे सगळं आमच्याकडे करून झालं आहे. जेवणात असू द्या, गोळीच्या जागी नको.

आता जे सांगणार आहे ते लिहू की नको, असं बरेच दिवस वाटत होतं. पुतण्या आणि भाची दोघांनाही हा मजकूर आधी वाचून दाखवला. दोघंही लिहा म्हणाले, म्हणून लिहितो.

भाईजानचा मुलगा आणि आपाची मुलगी यांचा रिश्ता लहानपणापासून ठरल्यासारखा होता. आपल्याकडे हे नवीन नाही. आपल्याकडेच कशाला, महाराष्ट्रातल्या कितीतरी हिंदू घरांतही मामाची मुलगी करायची पद्धत आहेच. अम्मींची तर ती शेवटची इच्छा. २०२४ मध्ये तारखेची बोलणी सुरू झाली. भाची तेव्हा बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला. आपाचं एलडीएल २२१ आल्यापासून तिची तपासणी करायची राहिली होती. मुलीचा आजार निघाला तर लोक काय म्हणतील, ही भीती आपाला होती. भाचीने कुणाला न सांगता स्वतःच रक्त दिलं. एलडीएल १८७. वय २२.

मिरजेच्या डॉक्टरांनी आधी भाईजानची जनुकीय तपासणी करायला सांगितली. एकात बिघाड नेमका कुठे आहे ते सापडलं की बाकीच्यांत तेवढंच शोधावं लागतं, खर्चही कमी होतो. भाईजानच्या रक्तात सापडलेला बिघाड पुतण्यात होता, आणि भाचीतही तोच. अब्बांकडून दोघांपर्यंत दोन वाटांनी आलेला.

याचा अर्थ डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवला. दोघांकडे एकेक चांगली आणि एकेक बिघडलेली प्रत. त्यांच्या प्रत्येक मुलाला दोन्ही चांगल्या मिळण्याची शक्यता चारात एक. एक चांगली, एक बिघडलेली मिळण्याची चारात दोन. आणि दोन्ही बिघडलेल्या मिळण्याची चारात एक. एक बिघडलेली असेल तर गोळ्यांवर आयुष्य नीट जातं. दोन्ही बिघडलेल्या असतील तर लिव्हरला दरवाजे जवळपास नसतातच. अशा मुलाचं एलडीएल पाचशेच्याही पुढे जाऊ शकतं, आणि अटॅक शाळेच्या वयातही येऊ शकतो. नेहमीच्या गोळ्या तिथे पुरत नाहीत, कारण त्या दरवाजे वाढवतात आणि इथे चालणारा दरवाजाच नसतो.

डॉक्टर म्हणाले नाहीत की लग्न करू नका. ते एवढंच म्हणाले की हे दोघांना माहीत असायला हवं.

घरात काय झालं असेल ते सांगायला नको. भाभींना वाटलं आपाची मुलगी आमच्या पोराला नाकारते आहे. आपाला वाटलं आपल्या मुलीला आजारी ठरवलं जातं आहे. एक मामू म्हणाले, एवढी वर्षं खानदानात लग्नं झाली, तेव्हा कुणाला काय झालं? मी त्यांना दादा, चाचा आणि अब्बा यांची वयं सांगितली. कुणीतरी 'अल्लाहवर सोडा' म्हणालं. त्यावर अम्मीच बोलल्या, आणि त्या फार कमी बोलतात. त्या म्हणाल्या, उंट आधी बांधायचा असतो, मग सोडायचं असतं अल्लाहवर.

शेवटी भाची माझ्याकडे आली. म्हणाली, "मामू, मला माझ्या गोळीची भीती नाही. रोज दात घासते तशी घेईन. पण माहीत असून माझ्या बाळाला दोन्हीकडून हेच द्यायचं, हे मला जमणार नाही. आणि भाई पण हेच म्हणतो, फक्त फुफूसमोर त्याला बोलता येत नाही." रिश्ता तिथेच थांबला. दोघांनी आपसात ठरवून थांबवला, हे मोठ्यांना पटायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत आपा आणि भाभी एकमेकींशी बोलल्या नाहीत. २०२५ च्या बकरीदला आपाकडून भाईजानकडे कुर्बानीचा हिस्सा आला. भाभींनी डबा उघडला तर सगळी चरबी काढलेली. भाभी हसल्या, आणि मग रडल्या.

भाचीचा रिश्ता आता दुसरीकडे बघताहेत. येणाऱ्या घराला सगळं आधी सांगायचं, ही तिची अट आहे. एका घराने नको म्हटलं. दुसऱ्या घराने मुलाचंच रक्त तपासून रिपोर्ट पाठवला. पुढचं अल्लाह जाणे. तिला एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागेल. मूल हवं असेल तेव्हा डॉक्टरांना विचारून स्टॅटिन आधी थांबवावं लागतं आणि गरोदरपणात ते घेत नाहीत. बायकांनी ही गोळी सुरू करतानाच डॉक्टरांशी हे बोलून घ्यावं.

रमजानमध्ये लोक मला विचारतात, रोजा असताना या गोळीचं काय? स्टॅटिन दिवसातून एकदाच घ्यायचं असतं. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन दिवसाच्या कोणत्याही वेळी चालतात, त्यामुळे इफ्तारनंतर घेतली की झालं. महिनाभर सोडायचं काहीच कारण नाही. बीपी आणि शुगरच्या गोळ्यांचं वेळापत्रक मात्र रमजानच्या आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावं. गोळीनं अंग दुखायला लागलं तर आपल्या मनानं सोडू नका, डॉक्टरांना सांगा. डोस किंवा गोळी बदलता येते.

आणि तुमच्या घरात कुणी पुरुष पंचावन्नच्या आत किंवा बाई पासष्टच्या आत हार्ट अटॅकने गेली असेल, किंवा कुणाचं एलडीएल १९० च्या वर आलं असेल, तर वहीचं एक पान घ्या. त्यावर दादा-दादी, नाना-नानी, चाचा, फुफू, मामू, खाला यांची नावं लिहा. पुढे वय आणि कारण लिहा. 'अचानक गेले' असं असेल तर तेही लिहा. तो कागद डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडची तपासणीही करून घ्या, कारण थायरॉइड कमी असेल तरी एलडीएल चढतं. आजार खानदानी निघाला तर मुलांचं रक्त दहा वर्षांच्या आत तपासा. ज्यांना गरज असते त्यांना आठ-दहा वर्षांपासून औषध देता येतं, आणि जेवढं लवकर सुरू होईल तेवढ्या कमी गाड्या रस्त्यात रुततात.

आमच्या कागदावर आता सतरा नावं आहेत. अकरा जणांची तपासणी झाली, त्यातले पाच जण गोळी घेतात. मोठ्या चाचांची दोन मुलं पुण्यात असतात. थोरला पन्नाशीचा आहे. तो फोनवर म्हणतो, "मी तर रोज सकाळी पाच किलोमीटर चालतो, मला काय होणार?" येत्या रविवारी मी पुण्याला जाणार आहे. आधी त्याच्या टाचा बघेन.